ध्वज हाती आला, वर्तुळ कोठे आहे?

२८ ऑगस्ट २०२४ च्या सायंकाळी पॅरिसच्या शाँझ-एलिझे राजरस्त्यावरून जगातील राष्ट्रांची पॅरालिंपिक पथके कॉन्कॉर्ड चौकाकडे निघाली, तेव्हा भारताचा तिरंगा दोघांच्या हाती होता. एक हरियाणाचे भालाफेकपटू सुमित अंतिल आणि दुसऱ्या नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यातील होनवडज गावच्या गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव. पथक ८४ खेळाडूंचे होते. इतके मोठे पथक भारताने त्यापूर्वी पॅरालिंपिकला पाठविले नव्हते. ज्या तालुक्याचे नाव पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रांत अवर्षणाच्या वा अतिवृष्टीच्या वार्तेखेरीज क्वचितच छापले जाते, त्या तालुक्याची कन्या चाकाच्या खुर्चीत बसून एकशे चाळीस कोटींचा ध्वज जगापुढे मिरवीत होती. त्या रात्री नांदेडात वा लातुरात जागून ते दृश्य पाहणारे किती होते, हा प्रश्न आम्ही विचारीत नाही. उत्तर ऐकण्याचे धैर्य आमच्यापाशी नाही.

दुसऱ्या दिवशी छायाचित्रे छापून आली, अभिनंदनाचे संदेश निघाले, पुढाऱ्यांनी आपापल्या परीने आनंद व्यक्त केला. पुढे काही दिवसांनी प्रत्यक्ष स्पर्धा झाली. भाग्यश्री जाधव यांची सर्वांत लांब फेक ७.२८ मीटरची ठरली आणि त्या पाचव्या आल्या. पाचवा क्रमांक! आमच्या समाजाला पहिला क्रमांक समजतो, नापास होणेही समजते. पाचव्या क्रमांकाचे काय करावे हे त्याला उमगत नाही. पदक नाही म्हणून मिरवणूक नाही, मिरवणूक नाही म्हणून बातमी नाही, आणि बातमी नाही म्हणून स्मरण नाही. ध्वजाचे छायाचित्र पहिल्या पानावर आणि फेकीचा निकाल आतल्या पानावरील एका ओळीत, हा न्याय वर्तमानपत्रांनीच केला. त्या दोषातून आम्ही स्वतःला वगळीत नाही.

एक लहानशी गोष्ट सांगतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नोंदींत या खेळाडूचे नाव 'भाग्यश्री महावराव जाधव' असे छापले जाते. मराठी वाचकाला त्यातील मुद्रणदोष तत्काळ दिसेल. माधवरावांचा 'महावराव' कोठे तरी एका अर्जात झाला आणि तो टोकियोपासून पॅरिसपर्यंत तसाच चालत राहिला. एका अक्षराने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडत काहीच नाही. परंतु ज्या खेळाडूकडे जाणत्यांचे लक्ष असते, तिच्या वडिलांचे नाव वर्षानुवर्षे चुकीचे छापले जात नाही, एवढे मात्र खरे.

आता त्यांच्या कारकिर्दीकडे वळू. १९८५ साली जन्मलेल्या या मुलीच्या आयुष्यावर २००६ साली घोर आपत्ती कोसळली. मृत्यूच्या दारातून ती परतली, पण पाय पूर्ववत राहिले नाहीत. त्या आपत्तीची वर्णने वर्तमानपत्रांतून अनेकवार येऊन गेली आहेत, काही तर एखाद्या नाटकाच्या तिसऱ्या अंकाला शोभावीत अशी. आम्ही ती येथे उगाळणार नाही. ज्या बाईने आपले दुःख मागे टाकून हाती गोळा घेतला, तिला दर वेळी त्या दुःखाच्या उंबऱ्यावर परत नेऊन उभे करणे यात सहानुभूती कमी आणि कुतूहलच जास्त असते. मुद्दा एवढाच की २०१७ साली, वयाच्या तिशीनंतर, ज्या वयात बहुतेक खेळाडू निवृत्तीचा विचार करू लागतात, त्या वयात त्यांनी मैदानावर पाऊल टाकले. पाऊल हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत त्या टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये होत्या.

टोकियोत, २०२१ साली, त्यांची फेक बरोबर ७ मीटरची होती आणि क्रमांक सातवा. २०२३ च्या ऑक्टोबरात चीनमधील हांगझोऊ येथे भरलेल्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धांत ७.५४ मीटर फेकून त्यांनी रौप्यपदक मिळविले. २०२४ च्या मे महिन्यात जपानमधील कोबे येथील जागतिक स्पर्धेत ७.५६ मीटर, पुन्हा रौप्य. आणि पॅरिसमध्ये ७.२८. ज्यांस आकडे वाचण्याची सवय आहे, त्यांना या चार आकड्यांत एक संपूर्ण कथा दिसेल. तीन वर्षांत अर्ध्या मीटरहून अधिक प्रगती, दोन मोठ्या स्पर्धांत दुसरा क्रमांक, आणि सर्वांत मोठ्या दिवशी आपल्याच उत्कृष्ट फेकीपेक्षा २८ सेंटिमीटरची उणीव. खुशामतीखातर आम्ही हे अंतर झाकणार नाही. चीनची झोऊ लिजुआन ही या प्रकारातील अग्रणी. तिने टोकियोत आणि पॅरिसमध्येही नऊ मीटरच्या पलीकडे गोळा टाकून सुवर्ण नेले. होनवडज आणि बीजिंग यांच्यातील अंतर सुमारे दीड-दोन मीटरचे आहे. ते मनगटात वा छातीत किती आणि व्यवस्थेत किती, हाच खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठीच आम्ही आजचा हा अग्रलेख लिहीत आहो.

या खेळाची रीत आमच्या बहुसंख्य वाचकांना ठाऊक नसेल. आम्हांलाही ती उशिराच कळली. शारीरिक मर्यादेच्या स्वरूपानुसार पॅरा खेळाडूंचे वर्ग पाडतात. भाग्यश्री जाधव यांचा वर्ग एफ-३४ हा आहे. या वर्गातील खेळाडूंचे पाय स्नायूंच्या ताठरपणामुळे साथ देत नाहीत, पण हात बऱ्याच अंशी आपले काम करतात. स्त्रियांसाठी गोळा तीन किलोचा. खेळाडू चाकाच्या खुर्चीतून उतरून एका लोखंडी आसनावर बसते. त्याला थ्रोइंग फ्रेम म्हणतात. गादीसकट त्या आसनाची उंची ७५ सेंटिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. फ्रेम फेकीच्या वर्तुळात ठेवून जमिनीशी पट्ट्यांनी गच्च आवळतात, मग खेळाडूला फ्रेमशी आवळतात. फेकताना बैठक आसनावरून सुटली की फेक बाद. बांधण्या-सोडण्यात वेळ जातो म्हणून एकेका खेळाडूच्या फेका बहुधा लागोपाठ उरकतात. दोन फेकींच्या मध्ये दम घेऊन विचार करण्याची जी सवड उभ्या खेळाडूला मिळते, ती येथे नाही.

उभ्याने गोळा फेकणारा मल्ल बरेचसे बळ पायांतून उचलतो. टाच, गुडघा, कंबर अशी ती लाट वर चढत खांद्याला येते आणि बोटांतून सुटते. बसून फेकणाऱ्याला ही लाट मिळत नाही. त्याचे सारे भांडवल पाठ, पोट, खांदा आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरलेला फ्रेमचा उभा दांडा. दांडा किंचित हलला, पट्टा किंचित सैल पडला, की बळ जमिनीत मुरते आणि गोळा हातभर अलीकडे पडतो. जागतिक स्पर्धेतील दुसरा आणि पाचवा क्रमांक यांत पुष्कळदा एवढाच फरक असतो. म्हणजे या खेळात खेळाडूच्या कौशल्याइतकेच मोल लोखंडाला, जमिनीत रोवलेल्या कड्यांना आणि पट्टा आवळणाऱ्या हातांना आहे. शिवाय हा सराव एकटीने करता येत नाही. धावपटू पहाटे उठून गावाबाहेरच्या रस्त्यावर धावेल, पैलवान घरच्या अंगणात जोर-बैठका काढील. परंतु बसून गोळा फेकणाऱ्या खेळाडूला कोणी तरी आसनावर घ्यावे लागते, कोणी तरी बांधावे लागते, आणि पडलेला गोळा कोणी तरी परत आणावा लागतो. फेक एकीच्या नावावर नोंदली जाते. पण त्या फेकीत नेहमी दोघांचे हात असतात.

युरोपच्या बर्फाळ देशांत ल्यूज नावाचा एक खेळ आहे. बर्फाच्या नळीसारख्या वळणदार मार्गावरून लहानशा घसरगाडीवर उताणे पडून ताशी सव्वाशे किलोमीटरहून अधिक वेगाने खाली यावयाचे. त्याच्या दुहेरी प्रकारात एका गाडीवर दोघे, एकावर एक. वरच्याला मार्ग दिसतो, खालच्याला फारसे काही दिसत नाही. तो वरच्याच्या अंगाच्या हालचालीवरून वळण ओळखतो. या प्रकारात युक्रेनचे ओलेक्सांद्र ओबोलोंचिक आणि रोमान झाखार्किव ही जोडी २०१४ साली सोची येथे आणि २०१८ साली दक्षिण कोरियातील प्योंगचांग येथे हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरली. दोन्ही वेळा पदकाविना परतली. सोचीला रशियाच्या भूमीवर ही स्पर्धा चालू होती, त्याच फेब्रुवारी महिन्यात त्यांच्या राजधानीत, कीव्हच्या चौकात, गोळ्या चालत होत्या. असे असता चार वर्षांनी तीच जोडी पुन्हा त्याच गाडीवर आडवी झाली. जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी ज्या खेळात पिढ्यान्‌पिढ्या मार्ग बांधले, गाड्यांवर प्रयोगशाळा खर्ची घातल्या, त्या खेळात आपला क्रमांक मागचाच लागणार हे त्या दोघांना कळत नव्हते काय? कळत होते. तरीही त्यांच्या देशाने त्यांना पाठविले. गरीब आणि संकटग्रस्त देशाने हा खर्च का करावा, असे विचारणारे तेथेही असतील.

आपल्याकडेही हिमाचल प्रदेशातील मनालीजवळच्या वशिष्ठ गावचे शिवा केशवन यांनी याच खेळात १९९८ पासून २०१८ पर्यंत सहा हिवाळी ऑलिंपिक गाजविली. देशात बर्फाचा मार्ग नाही, म्हणून त्यांनी गाडीला चाके लावली आणि हिमालयातील डांबरी रस्त्यांवर, मालमोटारींच्या व मेंढ्यांच्या कळपांच्या मधून, सराव केला. सोचीला तर भारतीय ऑलिंपिक संघटनेवर बंदी असल्यामुळे त्यांना तिरंग्याखाली उतरताही आले नाही. बंदी उठली तेव्हा त्यांची स्पर्धा उरकली होती. खेळाडू मैदानावर हजर, आणि राष्ट्र संघटनेच्या भांडणात अडकलेले! भाग्यश्री जाधव यांच्या हाती ध्वज आला, हे त्या मानाने भाग्यच म्हणावे लागेल. नावाला शोभेसे.

केशवन यांनी चाके लावून जे केले, त्याची आम्ही तोंडभरून प्रशंसा करतो, आणि तेथेच फसतो. प्रतिकूलतेवर मात करणाऱ्या माणसाची स्तुती हा आपल्या समाजाचा आवडता छंद आहे. कारण ती स्तुती फुकट असते. प्रतिकूलता कमी करण्यास पैसा लागतो, योजना लागते, आणि ज्याच्या नावाची पाटी लागणार नाही असे काम करणारी माणसे लागतात. 'जिद्दीपुढे आकाश ठेंगणे' असा मथळा देऊन वृत्तपत्रे मोकळी होतात. आकाश ठेंगणे होईल तेव्हा होवो, सरकारी कचेरीच्या पायऱ्या तेवढ्या ठेंगण्या झाल्या तरी पुष्कळ आहे!

ही केवळ शब्दांची कोटी नव्हे. आमचे एक वृद्ध स्नेही पक्षाघातामुळे चाकाच्या खुर्चीला खिळले आहेत. गेल्या उन्हाळ्यात हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना एका कचेरीत नेण्याचा प्रसंग आमच्यावर आला. दाराशी पाच पायऱ्या. बाजूला उतरती फरशी होती. परंतु तिच्या तोंडाशी शिपायांच्या दुचाक्या रांगेने उभ्या होत्या आणि माथ्यावर लोखंडी दार कुलूपबंद होते. किल्ली कोणापाशी, हे कोणास ठाऊक नव्हते. शेवटी चौघांनी खुर्ची उचलली. आमचे स्नेही आयुष्यभर शिक्षक होते. त्यांनी उचलणाऱ्यांचे आभार मानले, आणि खाली उतरेपर्यंत मान वर केली नाही. भाग्यश्री जाधव यांच्यासारखी खेळाडू मैदानावर पोहोचण्यापूर्वी अशा किती पायऱ्या ओलांडते, याचा हिशेब कोणत्याही नोंदीत सापडत नाही.

कायदा काय म्हणतो? १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते; संसदेने २०१६ साली केलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते एकवीस केले. हा अधिनियम एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला, म्हणजे ज्या वर्षी होनवडजच्या या कन्येने गोळा उचलला त्याच वर्षी. त्याचे तिसावे कलम सबंध क्रीडेविषयी आहे. दिव्यांगांना खेळात भाग घेता यावा यासाठी उपाय योजणे, सोयी पुरविणे आणि क्रीडा प्राधिकरणांनी त्यांच्या हक्काला यथोचित मान देणे, हे सर्व त्यात लिहिले आहे. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांत सुगम कराव्यात, असेही याच अधिनियमात आहे. नियम जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मुदत २०२२ च्या जूनमध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राजीव रतुरी यांच्या खटल्यात असे सांगावे लागले की, सुगमतेचे निकष केवळ मार्गदर्शक म्हणून चालणार नाहीत, किमान काही निकष बंधनकारक असले पाहिजेत. म्हणजे मुदत उलटून गेल्यावर दोन वर्षांनी आम्ही 'करावे' आणि 'केलेच पाहिजे' यांतील भेद शिकत होतो. या मधल्या काळात एक सुधारणा मात्र तत्परतेने झाली. 'अपंग' या शब्दाच्या जागी 'दिव्यांग' हा शब्द आला. शब्द बदलण्यास सिमेंट लागत नाही.

आता आमच्या या दोन शहरांकडे पाहू. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. राज्यातील किती जिल्ह्यांना असे भाग्य लाभले असेल? २००९ साली विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, या प्रश्नावर दोन्ही शहरांत आंदोलने झाली, बाजारपेठा बंद राहिल्या, वकील आणि व्यापारी रस्त्यावर आले. कचेरीसाठी दोन शहरे अशी भांडली. एखाद्या धावमार्गासाठी, एखाद्या चांगल्या प्रशिक्षकासाठी ती कधी भांडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

लातूरचे नाव देशात ज्या 'पॅटर्न'ने गाजले, त्याविषयी आम्हांला आदर आहे. खेड्यातील मुलगा घासून अभ्यास करून वैद्यक महाविद्यालयात जातो, ही लहान गोष्ट नव्हे. पुण्यामुंबईच्या मक्तेदारीला या मातीने दिलेले ते उत्तर होते. परंतु त्याच 'पॅटर्न'ने आमच्या मध्यमवर्गाच्या मनात एक समजूत घट्ट रोवली आहे की, सोळा ते अठरा या वयात जे गुणपत्रिकेत मावत नाही ते व्यर्थ होय. दोन्ही शहरांत संध्याकाळी पाच वाजता खाजगी शिकवण्यांच्या रस्त्यांवर सायकलींची आणि दप्तरांची जी गर्दी लोटते, तिच्या शतांशानेही मैदान भरत नाही. जेथे धडधाकट मुलाच्या हातून चेंडू काढून घेण्यात येतो, तेथे पाय अधू असलेल्या मुलीच्या हाती गोळा कोण देणार? तिच्याविषयी आईबापांच्या मनात एकच चिंता असते, हिचे पुढे कसे होणार. त्या चिंतेला आम्ही नावे ठेवीत नाही. ती खरी आहे. पण 'हिचे पुढे कसे होणार' या प्रश्नाला गोळाफेक हेही एक उत्तर असू शकते, हे कोबे आणि हांगझोऊ येथे दिसून आले आहे.

आणि खेळ या मातीला परका आहे, असे तर मुळीच नाही. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, पुढे रुस्तुम-ए-हिंद झाले, आणि २०११ मध्ये निवर्तेपर्यंत त्यांनी पुण्याच्या तालमीत पोरे घडविली. साकोळचे काका पवार यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांच्या पुण्यातील तालमीतून आज राज्याचे मल्ल निघतात. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत नाशिकचे हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचे शैलेश शेळके एकमेकांसमोर ठाकले, ते दोघेही काका पवारांचेच शिष्य. आणि जिंकल्यावर सदगीरांनी शेळक्यांना खांद्यावर उचलून घेतले, हे वाचकांना आठवत असेल. ही नामावली अभिमानास्पद खरी. परंतु तिच्यातील एक शल्य लपत नाही. बिराजदार मोठे झाले ते कोल्हापुरात, वस्ताद झाले पुण्यात; पवारांची तालीम पुण्यात. बीज आमचे, मळा दुसऱ्याचा. पैलवानाला निदान एक सोय असते. वळकटी उचलून तो कोल्हापूरची गाडी पकडतो आणि तालमीच्या ओसरीवर झोपतो. चाकाच्या खुर्चीतील मुलीने कोणती गाडी पकडावी आणि कोणत्या ओसरीवर झोपावे?

येथे एक आक्षेप येईल आणि तो आम्ही टाळणार नाही. मराठवाड्यात पाण्याचा प्रश्न आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. शेतकरी कर्जात आहे, तरुणांना काम नाही. अशा स्थितीत लोखंडी आसनावर बसून तीन किलोचा गोळा सात मीटर फेकणाऱ्या मूठभर खेळाडूंसाठी सरकारने पैसा का वेचावा? हा आक्षेप प्रामाणिक माणसाच्या तोंडी शोभतो. परंतु तो बहुधा ज्यांच्या तोंडून येतो ते स्वतः पाण्यासाठी रांगेत उभे नसतात. शिवाय पैशाचे प्रमाण पाहा. फेकीची फ्रेम म्हणजे पोलादी नळ्या, पट्ट्या आणि जोडकाम. नियमांची मापे हाती दिली तर लातूरच्या किंवा नांदेडच्या औद्योगिक वसाहतीतील कोणताही कुशल जोडारी ती आठवड्याभरात उभी करील. वर्तुळ काँक्रीटचे, त्यात रोवलेली कडी लोखंडाची. एखाद्या स्वागत-कमानीला जो खर्च येतो त्यात हे सारे बसून वर काही उरेल. पाण्याच्या योजनेतील एक घागरही यासाठी कमी होणार नाही.

मुरलीकांत पेटकर या महाराष्ट्राच्या सुपुत्राने १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्ण मिळविले. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेला हा सैनिक. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली आणि अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत. सन्मान आणि पराक्रम यांत अर्धशतकाचे अंतर! मधल्या काळात देश हळूहळू जागा झाला, हे नाकारता येणार नाही. दीपा मलिक यांनी २०१६ साली रिओ येथे बसूनच गोळा फेकून रौप्य आणले आणि पॅरालिंपिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. टोकियोत १९ पदके आली, पॅरिसमध्ये २९. त्यांत सांगली जिल्ह्यातील आटपाडीकडचे सचिन खिलारी यांचे गोळाफेकीतील रौप्यही आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात दिल्लीत जागतिक पॅरा अॅथलेटिक्स स्पर्धा भरली आणि तीत भारताने २२ पदके मिळविली. सुमित अंतिलसारख्या खेळाडूचे नाव आता शाळकरी पोरांच्या तोंडी आहे. केंद्राची नजर या खेळाडूंकडे वळली आहे. प्रश्न आहे तो जिल्ह्याचा, तालुक्याचा.

कारण बक्षिसाची आपली रीत पाहा. पदक मिळाले की लाखांचे आणि कोटींचे आकडे जाहीर होतात. खळ्यावर धान्याची रास पडल्यावर शेताला पाणी सोडण्यासारखाच हा प्रकार आहे. सातव्या क्रमांकावरून पाचव्यावर येणाऱ्या खेळाडूला खरी गरज असते. तिसऱ्यावर येणाऱ्याला तितकी नसते. टोकियो आणि पॅरिस यांच्या दरम्यानची तीन वर्षे कोणी पाहिली? त्या वर्षांत फ्रेम कोणी बांधली, मालीश कोणी केली, निवड-चाचण्यांसाठी परराज्यांत जाताना आगगाडीच्या उंच डब्यात खुर्ची कोणी चढविली? या प्रश्नांची उत्तरे शासनाच्या कोणत्याही अहवालात नसतात. ती त्या खेळाडूला ठाऊक असतात आणि तिच्या जवळच्या दोनचार माणसांना.

आमची मागणी साधी आहे. भाग्यश्री जाधव यांच्या नावाने चौक वा कमान उभारू नये. त्यांच्या हयातीत त्यांना ते जाच होईल. त्यांना बोलवावे आणि विचारावे. नांदेड आणि लातूर येथील जिल्हा क्रीडा संकुलांत बसून फेकण्याचे वर्तुळ कोठे असावे, त्यात कडी कशी रोवावीत, स्वच्छतागृहाचे दार किती रुंद असावे, हे त्यांच्याइतके नेमके सांगणारा अभियंता या प्रांतात नाही. विष्णुपुरीच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आपल्या क्रीडामहोत्सवांत दिव्यांग विद्यार्थ्यांच्या स्पर्धांना मानाचे स्थान द्यावे, आणि शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना वर्गीकरणाचे नियम व फ्रेम बांधण्याची कला शिकवावी. दोन तरुण जर ते शिकले, तर मुखेड, देगलूर, कंधार, अहमदपूर, उदगीर येथील दहा मुलींचा सराव सुरू होईल. पट्टा आवळणाराच नसेल, तर सुवर्णपदकाची क्षमता असलेली मुलगीही घराच्या ओसरीत बसून राहील, आणि आपल्याला ती होती हे कधी कळणारही नाही.

आणि वाचकांनाही आमची एक विनंती आहे. येत्या रविवारी मुलांना घेऊन आपापल्या शहरातील क्रीडा संकुलात जावे. प्रवेशद्वारापासून मैदानाच्या मध्यापर्यंत एक तरी वाट अशी आहे काय, जिच्यावरून चाकाची खुर्ची कोणी न उचलता जाईल, हे पाहावे. गोळाफेकीचे वर्तुळ असेल तर त्याच्या कडेला वाकून जमीन हाताने चाचपावी. लोखंडी कडे लागले तर आम्हांस पत्र लिहून कळवावे. याच पहिल्या पानावर आम्ही ते छापू. आणि कडे नसेल, तर पत्र क्रीडा अधिकाऱ्यांस लिहावे आणि त्याची प्रत आमच्याकडे पाठवावी.